लिंबोचा कोपरा

बेनाल्फार,
४ फेब्रुवारी २००८

चि. सालुद हिस,
ब्रीहिदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जे आधीच गेले आहेत त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू हुंदके देतेस आणि मग मी चिडते. शिवाय बत्तीस वर्षं टपालात शिक्के मारलेल्या बाईने पत्र लिहायचं नाही, तर कोणी लिहायचं?

आपला किल्ला आता प्रेक्षणीय झाला आहे. मलागाहून एक तज्ज्ञबाई आल्या होत्या. मुरांच्या अरबी राजवटीतला बुरूज, पाण्याचं टाकं, तट सगळं पाहून त्यांनी नगरपालिकेला सांगितलं, की इथे रांगा लावून माणसं येतील, मधली दफनभूमी तेवढी हलवा. म्हणजे पर्यटकांना बुरूज दिसावा म्हणून आमच्या मेलेल्यांनी बाजूला व्हायचं. आपला महापौर मार्सियाल लगेच कबूल झाला. पाकिटावर तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावतात तेही त्याला मी शिकवलं होतं, आणि आता तो मला वारसा म्हणजे काय ते समजावतो.

भिंतीतले सगळे कोनाडे उघडून अस्थी खाली रस्त्यालगतच्या नव्या दफनभूमीत नेणार आहेत. आईबाबांचा कोनाडा आपल्या दोघींच्या नावावर आहे, म्हणून सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. ती नसली तर दोघं बेवारशांच्या खड्ड्यात जातील. ईस्टरच्या आत सगळं उरकायचं आहे, तेव्हा टंगळमंगळ करू नकोस.

गुडघे कसे आहेत? अंजीर पाठवले आहेत. तुमच्या बार्सिलोनात मिळतात त्या चामड्याच्या गोळ्यांपेक्षा बरे लागतील. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
ब्रीहिदा


सांता कोलोमा,
१३ फेब्रुवारी

ती. ब्रीहिदाताईस,
सालुदचा सा. न.

सही केलेला कागद सोबत आहे. अंजीर पोचले. गुडघ्यांचं विचारू नकोस, लोरेन्सो गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून एकटीच बसते आणि गुडघेही बसूनच असतात. आमच्या निवृत्त मंडळाची बस मे महिन्यात तिकडची डोंगरातली पांढरी गावं पाहायला निघणार आहे, यादीत बेनाल्फारही आहे. शेजारीण विचारत होती, तुझं गाव फार सुंदर आहे ना. मी म्हटलं, चढ फार आहे.

ताई, तुझा कागद मी तीनदा वाचला. कोनाड्यांची यादी आहे, नंबर आहेत. बुरुजामागच्या कोपऱ्याचं कुठेच काही नाही. तिथे काय करणार आहेत?

मी का विचारते ते तुला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं तिथे पुरायचे, ना क्रूस ना नाव. लिंबोचा कोपरा म्हणायचे, कारण ती ना स्वर्गात जायची ना नरकात. बाबा माझ्या बाळाला पेटीत घालून घेऊन गेले तेव्हा मी पलंगावरून फक्त त्यांची पाठ पाहिली. त्या कोपऱ्याचं नाव चव्वेचाळीस वर्षं मी काढलं नाही. त्याच्यासाठीच परत आले नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

मला एकच हवं आहे. त्याला तिथून काढ आणि आईजवळ ठेव. याआधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, पुढेही मागणार नाही.

लोभ असेल तर एवढं कर.

सालुद


बेनाल्फार,
२६ फेब्रुवारी

चि. सालुद हिस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा पाहून आले. बसून वाच. त्या कोपऱ्यात तिकीटखिडकी येणार आहे आणि तिच्यामागे दोन संडास.

नगरपालिकेतल्या हेर्मिनिओने १९६४ चं दप्तर माझ्यासमोर उघडलं. जन्मात नोंद नाही, मृत्यूत नोंद नाही. चोवीस तास जगला नाही त्याला कायदा माणूस म्हणत नाही, म्हणून त्याला नाव नाही, म्हणून तो मेलेला नाही, म्हणून त्याला हलवता येत नाही. हे सगळं तो चष्मा पुसत सांगत होता. मी म्हटलं, हेर्मिनिओ, तू या खुर्चीत तीस वर्षं बसलास आणि अजून हललेला नाहीस, तुझी तरी नोंद आहे का ते एकदा बघून घे. तो म्हणाला, बाई, माझ्यावर कशाला तोंड टाकता, मी नियम सांगतो. मी म्हटलं, नियम मला सांगू नकोस, मी नन्सच्या हाताखाली वाढले आहे.

मग फादर एलादियोंकडे गेले. पोरसवदा आहेत, मऊ बोलतात. म्हणाले, बाई, रोममध्येसुद्धा आता लिंबोचं कोणी बोलत नाही, शांत राहा. मी विचारलं, की मग इतकी वर्षं ज्यांना त्या नावाखाली भिंतीबाहेर टाकलं त्यांना उचलायला रोमहून फावडं कधी येणार. ते लाल झाले. पण खरं सांगायचं तर त्यांनीच चिठ्ठी लिहिली, की त्या जागेत माणसांच्या अस्थी आहेत आणि चर्चची हरकत नाही. ती चिठ्ठी नाकाखाली धरल्यावर मार्सियालने परवानगी दिली. सोमवार, दहा मार्च, सकाळी नऊ ते बारा, एक पेटी. खोदायला एउसेबियो.

जागा मला माहीत आहे. बाबांच्या मागोमाग मी गेले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. बुरुजापासून सहा पावलं, तटाला लागून. पेटी बेदाण्यांची होती. खूण पक्की आहे, काळजी करू नकोस.

माया कमी करू नकोस.

ब्रीहिदा


सांता कोलोमा,
३ मार्च

ती. ताईस सा. न.

तू बाबांच्या मागे गेली होतीस हे आज कळलं. मग आणखी एक सांग. त्या खोलीत आई होती आणि तू होतीस. आई आता नाही.

तो रडला होता का? आई म्हणाली, मेलेलाच आला, म्हणून बाप्तिस्मा झाला नाही. शेवटपर्यंत तेच धरून राहीन असं वाटलं होतं, पण परवापासून झोप नाही. खोदण्याआधी लिही किंवा नंतर लिही, पण खरं लिही. तुला खोटं बोलता येत नाही असं सगळं गाव म्हणायचं.

सालुद


बेनाल्फार,
१२ मार्च

चि. सालुद,

आधी सोमवारचं. एउसेबियोने सहा पावलांवर फावडं घातलं. हातभर खोल गेल्यावर बेदाण्यांच्या पेटीची फळी लागली, आणि मला वाटलं झालं. मग तिच्याखाली दुसरी लागली, शेजारी तिसरी. बाबांनी बेदाण्यांची पेटी घेतली होती. सालुद, सगळ्यांनी तीच घेतली होती. या गावात प्रत्येक घरात तीच असायची. मला हे इतकी वर्षं सुचलं नाही. फळ्या कुजल्या आहेत, तट खचला तेव्हा माती सरकली, आणि आतलं सगळं एकमेकांत मिसळलं आहे. एउसेबियो कवट्या मोजायला लागला आणि नऊवर थांबला. एकेक संत्र्याएवढी. म्हणाला, बाई, तुमचा कुठला?

पावाच्या भट्टीवाली रेमिहिया काठी टेकत वर आली होती. नव्वदीची झाली. तिने खड्ड्यात पाहिलं आणि तिथेच दगडावर बसली. तिचंही एक होतं हे मला माहीत नव्हतं.

हेर्मिनिओ घड्याळ घेऊन उभा. म्हणाला, परवानगी एकाची आहे. मी कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, इथे एक पेटी असं लिहिलं आहे, आत किती जण ते लिहिलेलं नाही, वाच. त्याने दोनदा वाचलं. मग त्यानेच झाकण धरलं. नऊही जण आता आईबाबांजवळ आहेत, नव्या दफनभूमीत, वरून दुसरी रांग. कोपऱ्यात काल सिमेंट ओतलं.

आता तू विचारलेलं.

तो रडला. दोनदा. आठव्या महिन्याचा, निळसर, पण रडला. सुईण दुसऱ्या वस्तीवर अडकली होती. आई तुझं रक्त थांबवत होती, म्हणून तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि पाणी घाल म्हणाली. वाडगा माझ्या हातात होता. शब्द तोंडपाठ होते. पण नन्सनी शिकवलं होतं, की जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा, मात्र पाद्री येण्यासारखा असेल तर त्याची वाट पाहावी. बाबा पाद्रीला आणायला धावले होते. चर्च दोन गल्ल्यांवर. मी वाट पाहिली. मला सगळं बरोबर करायचं होतं.

ते आले तेव्हा तो माझ्या हातात थंड होता. पाद्रीने विचारलं, पाणी घातलंस का? त्याच्या खांद्यामागून बाबा मला मानेने खुणावत होते, हो म्हण. मी नाही म्हटलं. तेव्हा हो म्हटलं असतं तर तो त्याच दिवशी आजीच्या कोनाड्यात गेला असता, नाव लावून. बाबा सात महिने माझ्याशी बोलले नाहीत. आई तुझ्याशी खोटं बोलली ते तुझ्यासाठी, आणि मी ते कधी खोडलं नाही, कारण त्यात मला लपायला जागा होती.

कोनाड्यावर काय लिहायचं ते कळव. जास्त काही मागण्याचा मला हक्क नाही.

ब्रीहिदा


सांता कोलोमा,
१९ मार्च

ताई,

पत्र मिळालं.

मी तो आवाज ऐकला होता. अर्धवट शुद्धीत होते, पण दोनदा ऐकला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, खाली गोठ्यात करडू ओरडतंय, तू डोळे मीट. मी मिटले. त्यानंतर गावात कुठेही करडू ओरडलं की मी धावत बाहेर जायची. एकदा चप्पल न घालता ओढ्यापर्यंत गेले. लोरेन्सो म्हणायचा, हिचं डोकं फिरलं आहे, आणि मलाही तसंच वाटायचं. म्हणून आम्ही इथे आलो. लोकांना सांगितलं, कामासाठी. इथे नवव्या मजल्यावर करडं नसतात.

म्हणजे मी वेडी नव्हते. हे मला लोरेन्सो असताना कळायला हवं होतं. तो मला वेडी समजूनच गेला.

तू तेव्हा एकवीस वर्षांची होतीस, मी एकोणीसची. हे मी रोज सकाळी स्वतःला सांगून बघते आहे. अजून उपयोग झालेला नाही.

नऊही जण तिथेच राहू देत. नाव लिहू नकोस. एकाचं लिहिलं तर आठांचं राहील. रेमिहिया फूल घेऊन आली तर तिचं आधी ठेवू दे, ती आपल्यापेक्षा मोठी आहे.

मे महिन्याच्या बसमध्ये माझं नाव घातलं आहे. बस बाराला पोचते आणि चारला निघते. बाकीची मंडळी किल्ल्यात जातील, मी त्या तिकीटखिडकीसमोर उभी राहू शकणार नाही. मी खालच्या खालीच दफनभूमीत जाईन. तू तिथे येऊ नकोस. तुझ्या दाराशी यायचं की बसमध्ये जाऊन बसायचं ते मी तिथून निघाल्यावर ठरवीन, आत्ता मला सांगता येत नाही.

माझ्यासाठी जेवायची थांबू नकोस. लोभाचं त्या दिवशी काय ते बघू.

सालुद