सहा महिन्यांची तरतूद

शारजा, १२ जानेवारी २०२५

ती. कुमुदताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या ऑफिसातला सुजीत सुट्टीवर कराडला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि खजूर देतोय. फोनवर तू पैशांचं काढलंस की मी विषय बदलतो, म्हणून एकदा सगळं लिहितो. गाडी विकली. शुक्रवारचं बाहेर जेवण खलास. मिहिका इंग्रजीत सुनावते की बाबा बोअर झालेत. पण आमच्या हमरिया औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांतून माणसं कमी करतायत. उद्या माझी नोकरी गेली तरी घर सहा महिने चालेल, एवढी रक्कम मार्चपर्यंत बँकेत जमेल. मग मी निवांत.

चालताना छातीत जळजळतं. डॉक्टरांनी मोठ्या तपासण्या सांगितल्यात. आमच्या इन्शुरन्समध्ये त्या बसत नाहीत. अठराशे दिरहम, म्हणजे आपले बेचाळीस हजार. मार्चनंतर करेन. हेमाला सांगू नकोस, ती उद्याच न्यायची.

माया आहे तशी राहू दे.
तुझा मुरली


कराड, ३ फेब्रुवारी

चि. मुरलीधर यास,
अनेक आशीर्वाद.

खजूर शेजारणींनी संपवले. जत्रेला दिलेले पैसे तसेच घरी आणणारा मुलगा तू, तुला बचत कोण शिकवणार? पण मार्च कशाला? आपले बाबा पित्त आहे, पित्त आहे म्हणतच गेले, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. पैसे मी पाठवते. हेमाला तू आजच सांग. आठवड्यात तिचा फोन आला नाही, तर मी करीन.

मुलांना पापे. म्हातारीचं एवढं ऐक.
ताई


शारजा, २० ऑगस्ट

ती. ताईंना,
शि. सा. न.

हे जाऊन सहा महिने झाले. तुमचं पत्र पोचलं त्याच आठवड्यात ते फॅक्टरीच्या गेटवर कोसळले. तुम्ही मागाहून तपासण्यांचं सांगितलंत तेव्हा मला फार राग आला. तुमचा नाही, त्यांचा.

फोनवर मुलं ऐकतात, म्हणून काही सांगितलं नव्हतं. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. ते गेल्याचं कळताच बँकेने ते गोठवलं. आमच्यासाठी साठवलेले पैसे, आणि मला एक दिरहमही काढता येईना. भाडं थकलं, बांगड्या विकल्या. वरच्या मजल्यावरच्या शहरबानूने एक खोली दिली आणि भाड्याचं इन्शाल्ला बघू म्हणाली. शाळेच्या बसवर मदतनीस म्हणून लागले, त्यामुळे माझा व्हिसा झाला. मिहिकाची बारावी इथेच होईल. दोघांची फी झेपेना म्हणून तनिषला तुमच्या पदरात टाकलं. विमानतळावर तो रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं.

काल कोर्टाचा कागद आला आणि पैसे मोकळे झाले. सगळे म्हणतात, फिक्स्डमध्ये टाक. टाकेन, माझ्या नावावर. पण त्यातले पहिले पन्नास हजार तुम्हाला पाठवलेत. तनिष सांगत होता की जिना चढताना आत्या मध्येच बसते आणि कुणाला सांगू नकोस म्हणते. त्याने सांगितलं, त्याला रागावू नका. सोमवारची हॉस्पिटलची वेळ मी फोन करून घेतलीय, सुजीतची बायको सोबत येईल. या पैशांतून तनिषची फी भरू नका, किराणा आणू नका. तुम्ही गेला नाहीत तर मी नोकरी सोडून येईन, आणि ते आपल्याला परवडणार नाही.

तुम्ही आम्हाला हव्या आहात. दुसरा लोभ मागत नाही.
तुमची हेमा