अल्पशा आजाराने

धरणगाव, ८ ऑगस्ट २०२२

चि. जितेंद्र यास नानाचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. माझ्या मोहिनीचं बाळ कुशीवर वळायला लागलं. छापखान्याचं मशीन दुरुस्त झालं, त्यामुळे तुझ्या आरोग्य कार्यालयाच्या पुस्तिकेची तीन पानं काल छापून झाली.

चौथं पान मी छापणार नाही.

त्यावर तू लिहिलंस की, रक्ततपासणीत आपल्या गावात एकोणीसशे जणांना कोरोना होऊन गेल्याचं आढळलं, मृत्यू मात्र चार. हजारी दोन. पुढे शब्द टाकलास, 'समाधानकारक'. कोणाचं समाधान रे?

गेल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत गावातल्या दिवसकार्याच्या, गंधमुक्तीच्या एकतीस पत्रिका मी छापल्या. एरवी त्या दोन महिन्यांत माणसं जातात पाच-सहा. सहा सोडून दे. पंचवीस उरले, म्हणजे हजारी तेरा. संसर्ग शोधायला तुम्ही घरोघर सुया घेऊन माणसं पाठवलीत. मेलेले शोधायला एक तरी पाठवला? शेजारच्या अभिमनच्या ओसरीवर दोन फोटोंना हार आहेत, रस्त्यावरून दिसतात.

तू म्हणशील, तपासणी नाही तर नोंद नाही, नियमच आहे. वर म्हणशील, पत्रिकांवर 'अल्पशा आजाराने' नानांनीच छापलं. छापलं. दुसरं काही लिहिलं तर दुखवट्याला दारावर बसायला कोणी यायचं नाही, असं लोक सांगायचे. मी एकतीस वेळा तेच छापलं.

त्यातली एक आपल्या आईची.

"मना दम पुरत नही, भाऊ," असं ती म्हणाली, त्या सकाळी तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "नाना, आजच तपासणी करा." मी हो म्हणालो. केली नाही. मोहिनीचं लग्न बारा दिवसांवर होतं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

पण त्या एकोणीसशेंत मीही आहे, जितेंद्र. आईला चमच्याने पाणी पाजताना तिच्याकडून मला आलेला संसर्ग तू मोजलास. तिला मोजलं नाहीस. माझ्या चुकीबद्दल मला काय बोलायचं ते बोल. तिला आणि त्या बाकीच्यांना 'समाधानकारक'खाली गाडू नकोस.

सोबत आईची पत्रिका पुन्हा छापून पाठवतो आहे. 'अल्पशा आजाराने' काढून तिथे 'कोरोनाने' टाकलं आहे, बाकी तेच. चौथं पान नव्याने लिहून पाठव, त्याच दिवशी छापतो. तोवर ते कोरं राहील.

भिकुबाईचा थोरला,
प्रेमराज