शेवटचा हात माझा

मी, महालिंगप्पा शिवप्पा कलशेट्टी, वय ७२ वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण पेट्रोलच्या वासाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं माझे चिरंजीव चारचौघांत सांगतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतकं जवळ मी कोणाला येऊ दिलेलं नाही.

१. हायवेलगतचं माझं स्वकष्टार्जित दोन खोल्यांचं घर मुलगा नंदीश याला द्यावं. प्रेमाने देत नाही. माझी बायको पार्वतम्मा हिने जाताना शब्द घेतला होता, म्हणून देतो.

२. याखेरीज मी आपण होऊन नंदीशला काहीही देत नाही, पान्हासुद्धा नाही. तो सोलापुरात जुन्या मोटारसायकली नव्या करून विकतो. टाकीला चकचकीत रंग, आत मिळेल त्या गाडीचं सामान, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की सगळं मूळचं आहे. सामान बदलायला माझा विरोध नाही, मी जन्मभर तेच केलं. दुसऱ्या गाडीचा मोठा कार्बोरेटर बसवला, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कानशीने सिलिंडरची भोकं, म्हणजे पोर्ट, रुंद केली आणि गाडी नवी असताना पळाली नव्हती तशी पळवून दाखवली. पण काय बदललं ते प्रत्येकाला कागदावर लिहून दिलं. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. चिरंजीव ते पाचव्या वर्षीही विसरत होते. अशा हातात माझी हत्यारं जाणार नाहीत.

३. हत्यारं आणि माझ्या येझदी मोटारसायकलचा सांगाडा नागसेन पिराजी बनसोडे याला द्यावा. बावीस वर्षं त्याने माझ्या हाताखाली काम केलं आणि शिव्या खाल्ल्या. तो चांगला मिस्त्री आहे. त्याच्या तोंडावर हे मी कधी म्हटलं नाही, इथेही एकदाच म्हणतो. अट एकच. इंजिन कोणीही खोलो, बंद करताना शेवटचा हात मालकाचा. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या दुकानातला एकही पिस्टन मी दुसऱ्याला बसवू दिला नाही.

४. मेहुणा बसवराज बिराजदार, राहणार लोहारा, माझा पूर्वीचा भागीदार, याला गोणपाटात बांधलेलं जाम इंजिन द्यावं. १९९७ साली मी येझदी वेगासाठी तयार करत होतो. नवा पिस्टन आणायला याला सोलापूरला पाठवलं. पहिल्याच फेरीला पार्वतम्मा मागे बसली. जळकोटच्या अलीकडे इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं आणि आम्ही रस्त्यावर पडलो. तिचा पाय मोडला, पुढे ती जन्मभर लंगडत चालली. याने नवा पिस्टन स्वतःकडे ठेवून जुना पुसून दिला, हे मी त्याच दिवशी ओळखलं. तेव्हापासून त्याला दारात उभं केलं नाही. २०१६ साली पार्वतम्मा वारली तेव्हा तो रीतीप्रमाणे माहेरची शेवटची साडी घेऊन आला. मी त्याला शेताच्या फाटकावरून परत पाठवलं. तिला विकतच्या साडीत तिथे शेतातच माती दिली. ते इंजिन अठ्ठावीस वर्षं मी पुरावा म्हणून जपलं आहे. त्याने ते उघडावं आणि स्वतःची चोरी डोळ्यांनी बघावी.

५. वरचं कलम लिहून तीन दिवस झाले. सामानाची यादी करायची म्हणून नागसेनला ते गोणपाट काढायला सांगितलं. तो म्हणाला, "मालक, पुरावा पुरावा म्हणायलाव, उघडून बघितलाव का कधी?"

मी म्हणालो, "मला बघायची गरज न्हाय."

"मग त्येला द्यायच्या आधी म्या तरी बघतो की."

मी चिडून म्हणालो, उघड. त्याने हेड आणि सिलिंडर काढलं. पिस्टन नवाच होता. डोक्यावरचा बाण कार्बोरेटरकडे होता. उलटा बसवल्यामुळे, मीच रुंद केलेल्या पोर्टात पिस्टनच्या रिंगचं टोक अडकून तुटलं होतं. तो पिस्टन कोणी बसवला हे नागसेनला विचारायची गरज नव्हती.

आता मला हेही आठवतं की त्या दिवशी बसवराज म्हणाला होता, "दाजी, बाण बघितलाव का?" मी म्हणालो होतो, "तू मला शिकवायलास व्हय? पान्हा दे."

कलम ४ मी खोडत नाही, पण ते इंजिन आता बसवराजला देऊ नये. मी काय केलं ते माझ्याच अक्षरात राहू द्यावं. कलम ३ ची अट मात्र बदलतो. इंजिन बंद करण्याआधी दुसऱ्या माणसाने बाण बघावा, आणि त्याने विचारलं तर त्याला शिवी देऊ नये.

६. शेत वडिलोपार्जित आहे, त्यामुळे नंदीशला टाळता येत नाही. पण त्यातली पार्वतम्माच्या समाधीची जागा मी बसवराजला देऊ केली. नागसेन तो पिस्टन घेऊन लोहाऱ्याला गेला आणि उत्तर घेऊन आला, "जागा नको म्हनावं. साडी पेटीत हाय अजून. ती समाधीवर घालायला येतो. तवर त्येला फाटकाच्या भाईर उभं कर."

मला राग आला, अजूनही आहे. माझ्याच शेताबाहेर मी उभं राहायचं? पण काल सकाळी राहिलो, तासभर. तो आत बहिणीशी कानडीत बोलत होता. मला सगळं ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही. यापुढे त्या फाटकाला नंदीशने कुलूप लावू नये.

७. माझी माती पार्वतम्माच्या शेजारी व्हावी अशी माझी इच्छा आहे. हा निर्णय मी बसवराजवर सोपवतो. तो नाही म्हणाला तर मला बांधापलीकडे ठेवावं आणि कोणी त्याच्याशी वाद घालू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) महालिंगप्पा शिवप्पा कलशेट्टी

साक्षीदार:

१. (सही) राजेश्वरी गुड्डे, शेजारी, राहणार नळदुर्ग

२. (सही) बसवराज बिराजदार, राहणार लोहारा

(साक्षीदार क्र. २ काहीच घेत नसल्याने त्याला साक्षीला घेता येतं, असं वकिलांनी सांगितलं. त्याने कलम ५ दोनदा वाचलं. कलम ७ वाचून "बघू" म्हणाला. चहा घेतला नाही.)