दोन मुठी रिठे

प्रिय आई,

तुझ्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही. दादानं फोनवर चांगलंच झापलं. "आईपेक्षा कंपनी मोठी झाली का रे तुला?" म्हणाला. त्याला काय सांगू? म्हणून तुलाच लिहितोय. सातवी नापासाचं पत्र आहे, चुका पोटात घाल.

तुर्भ्याला मसाल्याच्या कंपनीत झाडायचं, पुसायचं काम करतो. हो, तेच काम! आई गावच्या डेअरीत फरशी धुते हे सांगायला लाजायचो, तोच मी. शाळेत पोरांना सांगायचो, आई डेअरीत वही लिहिते. तुझ्या कानावर आलं होतं ना गं? मग एकदा तरी कानाखाली का नाही दिलीस?

झालं असं, आम्ही फरशी फिनेलनं पुसायचो. एका गिऱ्हाईकानं हळद परत पाठवली. फिनेलचा वास येतोय म्हणे! शेठ उखडले. माझ्या जोडीला शेवंतामावशी आहेत, पाटणकडच्या. आम्हा दोघांना उभं करून म्हणाले, "शुक्रवारी त्यांची माणसं बघायला येणार. वास आला तर तुम्ही दोघं घरी!"

माझं काय, मी आजवर पाच नोकऱ्या सोडल्यात. पण मावशींच्या मागं दोन पोरी आहेत, कमावणारं दुसरं कुणी नाही. तोंडातून निघून गेलं, "शेठ, फिनेलशिवाय करून दाखवतो."

आणि शुक्रवारीच तुझं वर्षश्राद्ध.

तू रिठे भिजवून, कुस्करून, गाळून त्या पाण्यानं डेअरी धुवायचीस. मग लिंबाच्या साली उकळलेल्या पाण्यानं पुसायचीस. साली मी रसवाल्याकडनं मागून आणल्या. रिठ्याचं माप विचारलं की तू म्हणायचीस, "बादलीला दोन मुठी." मीही टाकल्या दोन मुठी. अगं आई, फेस! दारापर्यंत फेस! एक हमाल घसरून थेट मिरचीच्या पोत्यावर बसला. मावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "कंपनीला न्हाऊ घालतोस का रे बाबा?"

चार वेळा नुसत्या पाण्यानं धुतलं तेव्हा फेस गेला. मग आपलीच मूठ बघत बसलो. तुझी मूठ केवढीशी होती गं! शेवटी दवाखान्यात तुझा हात धरला तेव्हा माझ्या पंजात सगळा मावला होता. मावशींना म्हटलं, "तुमच्या मुठीनं टाका." त्यांचा हात तुझ्याएवढाच. पाणी बरोबर जमलं.

शुक्रवारी माणसं आली. त्यातले एक साहेब गुडघे टेकून फरशी हुंगायला लागले! मग उठले, हात झटकले. "फिनेलचा वास नाही. ठीक आहे." मावशींनी भिंतीकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

शेठनी विचारलं, "कुठं शिकलास हे?"

"आईकडं. आमची आई डेअरी धुवायची."

सगळ्यांसमोर म्हणालो, मोठ्यानं. एवढंसं वाक्य! ते तुझ्या देखत म्हणायला काय झालं होतं मला?

या रविवारी येतोय. दादाच्या शिव्या खाईन. पण आधी डेअरीत जाईन. तिथं आता जी कुणी बाई धुते, तिच्या हातातला खराटा घेऊन एक दिवस मी धुवीन. शाळेतली ती पोरं आता दूध घालायला येतात. सगळी असतील तेव्हाच धुवीन, आई. शब्द देतो.

तुझा,
सदा