नावाचं मूळ: किडा

४ नोव्हेंबर

माफ कर, डायरीबाई. एवढे महिने तुला कपाटात कोंबून ठेवलं ते आळसानं नव्हे, लिहिण्याजोगं काही घडलं नव्हतं म्हणून. (खरं का हे? थोडं आळसानंही.)

आज घडलं. धाकटे मालक टेबलाशी आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षापासून रंगांना नावं नकोत. नंबर पुरे. लाल-एक, लाल-दोन." आमच्या रंगाच्या कारखान्यात शेडना नावं देणारी मी एकटी. ते काम गेलं तर लोकांना नावं ठेवायचा पगार कोण देणार मला?

मोठ्या मालकांनी मधला मार्ग काढला. लाल रंगांचं एक शेवटचं कार्ड मी करायचं. डबे खपले तर नावं राहतील. म्हणजे मीही.

७ नोव्हेंबर

मोठ्या मालकांना जुनी विलायती नावं हवीत, शेजारी मराठी. दिवसभर शब्दकोशात डोकं. लाल म्हणजे लाल अशी माझी समजूत — कसली लाल! व्हर्मिलियन हे लॅटिनमधल्या 'लहान किड्या'वरून. रंग किड्यांपासून करायचे म्हणून. सँग्विन रक्तावरून. मरी हा जुना शब्द तुतीवरून. आणि क्रिमझन म्हणजे आपलं किरमिजी! त्याच्याही तळाशी किडाच निघाला, बहुतेक आपलाच कृमी. तो कुठून कुठे वळवळत गेला बघ!

स्कार्लेट मात्र हाती लागेना. लॅटिनपर्यंत जातं, पुढे धुकं. गूल्स हा जुन्या ढालींवरचा लाल. तो घशावरून आला म्हणतात. म्हणतात! म्हणण्यावर मी कशी विसंबू?

१२ नोव्हेंबर

छापखान्याला तक्ता दिला. तीन रकाने: 'इंग्रजी', 'मराठी शेड', 'नावाचं मूळ'. तिसरा माझ्या समाधानासाठी. छापायचा नाही असं तोंडी सांगितलंय.

१५ नोव्हेंबर

प्रूफ तपासलं. एकेक अनुस्वार पाहिला. एक वेलांटी पकडली. कॉलर ताठ.

२२ नोव्हेंबर

मेले!

कार्ड आलं. छापखानेवाल्यानं तिसऱ्या रकान्यात 'नाव' वाचलं आणि तेच नाव समजून छापलं. माझी 'शेंदरी सांज' गेली, तिथे ठळक अक्षरांत 'लहान किडा'. सँग्विनखाली 'रक्त'. क्रिमझनखाली 'पुन्हा किडा'. स्कार्लेटखाली 'मूळ नक्की नाही'. आणि गूल्सच्या त्या देखण्या लालखाली — 'बहुधा घसा, खात्री करणे'.

छापखानेवाला फोनवर: "बाई, प्रूफवर सही तुमचीच आहे. मला वाटलं, नवीन फॅशन असेल."

वेलांटी पकडली आणि हत्ती सोडला. कार्डं तोवर सगळ्या दुकानांत पोचलेली.

२४ नोव्हेंबर

नणंद आली होती. हॉल रंगवायचाय तिला. कार्ड चष्म्याजवळ धरून: "वहिनी, सोफ्यामागे 'रक्त' बरं दिसेल की 'लहान किडा'?" नवरा आतून ओरडला, "किडा नको! वाळवी आहे तेवढी पुरे!" दोघं भावंडं हसून हसून लोळली. मीही हसले. मग मोरीत जाऊन उगाचच तोंड धुतलं.

मालकांना सांगायला हवं. त्यांना कळायच्या आत. ते कार्ड वाचत नाहीत, डबे मोजतात.

२६ नोव्हेंबर

नाही सांगितलं. पाठ दुखतेय. (खरंच दुखतेय, पण एवढीही नाही.)

३ डिसेंबर

हे काय चाललंय? दुकानदाराचा फोन: "बाई, गिऱ्हाईक कार्ड वाचतंय, हसतंय. हसलेलं गिऱ्हाईक डबा घेतल्याशिवाय जात नाही. 'मूळ नक्की नाही' अजून पाठवा." मिश्रण खात्यातले काका दारातून: "बाई, 'पुन्हा किडा' पुन्हा लागतोय!"

नणंदेनं जिन्याला 'बहुधा घसा' लावला. पाहुण्यांना नाव सांगते आणि म्हणे वर पुस्ती जोडते, "आमच्या वहिनी खात्री करतायत."

४ डिसेंबर

गेले. मोठ्या मालकांसमोर उभं राहून सगळं सांगितलं: रकाना, सही, वेलांटी. धाकटे मालक बाजूला. मोठ्यांनी विक्रीची वही मिटली.

"चूक ना ही?"

"हो."

"मग अशाच करत जा."

धाकटे मालक चक्क म्हणाले, "मॅडम, नंबरचं मी मागे घेतो." मी राहिले! आनंदाच्या भरात घरी चहात मीठ घातलं. नवरा निमूट प्यायला. गुणी माणूस.

९ डिसेंबर

आता निळे, हिरवे, पिवळे, करडे, सगळ्यांना 'नावाचं मूळ' हवंय. तेही लवकर. मी म्हटलं, सगळ्यांचीच मुळं अशी गंमतशीर नसतात. करडा म्हणजे नुसताच करडा निघाला तर?

धाकटे मालक: "मग बनवा."

"मूळ बनवता येत नाही."

मोठे मालक मोठ्यानं हसले. "अहो बाई, मग कारखाना कशाला काढलाय?"

हसले मीही. सवय.

१० डिसेंबर

करड्यासमोर लिहिलं: 'लॅटिनमध्ये विधवा राणीचा शेला'. कुठला शेला, कुठली राणी! छान वाटतं वाचायला. तीच तर पंचाईत. लोक विश्वास ठेवतील. नणंद पाहुण्यांना सांगेल. पाहुणे पुढे सांगतील. परवापर्यंत माझ्या कार्डावर निदान जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही असंच छापलं होतं — चुकून का होईना.

संध्याकाळी मोठ्या मालकांना विचारलं, "जिथे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' लिहू?"

"लालला चाललं. दरवेळी चालत नाही, बाई. आणि नावं ही हवीतच. नाहीतर नंबर आहेतच की."

टेबलावर येऊन शेला खोडला. पेन कागदाच्या आरपार जाईतो खोडला.

११ डिसेंबर

शेवटचं एक मूळ पाहिलं. राजीनामा: राजी म्हणजे संतुष्ट, कबूल, नामा म्हणजे लेख. मुळात चक्क संमतीपत्र! हे नक्की आहे, दोन कोशांत तपासलं.

उद्या: मोठ्या मालकांच्या हातात देणे.