बाहेरची राखण

सॉल्ट फोर्क, इंडियाना
१३ सप्टेंबर १९५३

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आयोनने आठवडाभर टोमॅटो बरण्यांत भरले. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही आणि मला कशाला हात लावायची परवानगी नाही. मका यंदा बरा आहे, पण बास्केटबॉलचा हंगाम तोंडावर आल्यावर मक्याबद्दल इथे कोण बोलतंय! न्हाव्याच्या खुर्चीत बसलं, की तो गळ्याभोवती कापड बांधायच्या आतच विचारतो, कोच, यंदा बाहेरून मारणाऱ्यांना अडवणार कोण?

प्रश्न खरा आहे, म्हणूनच झोंबतो. बास्केटखाली ड्वाइट कुन्झ आहे, तो यंदा दारातून वाकून येतो. बास्केट करणारे आणखी दोघे आहेत. पण लांबून नेम धरणाऱ्याला चिकटून त्याला जेरीस आणणारं पोर एकही उरलेलं नाही. गेल्या वर्षी दोन होते. त्यातला जेराल्ड शाळा संपवून फौजेत गेला, त्याला इलाज नाही. दुसरा मर्ल टॅकेट. त्याचं शेवटचं वर्ष बाकी होतं. पण ऑगस्टात त्याचा बाप होबार्ट याने खडीचा ट्रक सोडला आणि बिऱ्हाड उचलून गेला कुठे, तर तुमच्या वेदरबीला. कामाला लागला कुठे, तर खुर्च्यांच्या कारखान्यात, जिथे आमचे क्लेम भावोजी फोरमन!

ताई, मी कोणावर आळ घेत नाही. पण आपल्या भागात बापाला परगावी अचानक नोकरी का मिळते, हे शेंबडं पोरही सांगेल. पोर कसं खेळतं ते बघून बापाला कामावर घेतात. म्हणून सहज विचारतो, होबार्टला कामावर कोणी लावलं?

माझं काय पणाला लागलंय ते तुला ठाऊक आहे. विभागीय सामन्यांत लागोपाठ दोन वर्षं वेदरबीने आम्हाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. शाळा मंडळाचे एबर्टसाहेब परवा चर्चच्या पायरीवर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की तिसऱ्यांदा हरलास तर करार पुढे चालवणं अवघड जाईल. म्हणजे मग आयोनच्या वडिलांच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य विकायचं. तो हात अजून खांद्यावरच असल्यासारखा वाटतो.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझा धाकटा
लोवेल

*

वेदरबी
२० सप्टेंबर १९५३

चि. लोवेल यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. सहज विचारतो असं म्हणून तू लहानपणीही जे विचारायचास ते कधीच सहज नसायचं. बिस्किटं कोणी खाल्ली हे सहज विचारणारा मुलगा तू!

तर ऐक. होबार्टला कामावर यांनीच घेतलं. तो स्वतः टोपी हातात घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आला होता, आणि यांना लेथवर माणूस हवाच होता. त्याला मुलगा आहे हे यांना चार दिवसांनी कळलं. तुझ्या भावोजींना बास्केटबॉलमधलं काय कळतं ते तुला मी सांगायला नको. सामन्याचा दुसरा भाग सुरू झाला, की हे घोरायला लागतात. मागच्या हिवाळ्यात रेफरीच्या शिट्टीने दचकून उठले आणि भोजनाची प्रार्थना म्हणू लागले.

मर्लची आई ओपल मला चर्चच्या जेवणात भेटली. केन्टकीकडची आहे, मोजकंच बोलते, पण मक्याची भाकरी अशी करते की मी दोनदा वाढून घेतली. तू सॉल्ट फोर्कचा आहेस आणि माझा भाऊ आहेस असं सांगितल्यावर मात्र ती ताट उचलून दुसरीकडे गेली. का, ते मला कळलं नाही.

तू डोकं शांत ठेव. आयोनला बरण्या भरू लाग. माया करणारी, आणि गरज पडली तर कान पिळणारी,

तुझी ताई
व्हर्ना

*

सॉल्ट फोर्क
४ ऑक्टोबर १९५३

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ओपलबाई ताट घेऊन उठल्या हे तू गंमत म्हणून लिहिलंस, पण मला त्यात गंमत दिसली नाही. मन साफ असेल तर माणूस कशाला उठेल?

पोरांना शाळेपूर्वी बोलावून तपासतोय. औषधवाल्याचा नॉर्मन समोरच्याला असा अडवतो, जणू दार उघडून पाहुण्याला आत या म्हणतोय. एबर्टसाहेबांचा पुतण्या पायाने चपळ, पण नजर सारखी बॉलवर. बॉल हवेत गेला की हा आपला माणूस सोडून ढग बघितल्यासारखा वर बघतो. परवा सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, बाहेरच्यांना अडवायचं काम कोण घेणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. ड्वाइटला विचारलं, तर म्हणतो कोच, मला बॉल द्या, बाकीचं मी बघतो. गावात प्रत्येक धान्याच्या कोठारावर बास्केट ठोकलेली आहे, अंधार पडेपर्यंत पोरं नेम मारतात, पण अडवायला कोणी शिकत नाही.

आता दुसरी गोष्ट. मंगळवारी वरच्या बाकांवर तपकिरी हॅटवाला एक परका माणूस बसला होता. मी वर बघितलं तसा उठून गेला. आयोन म्हणते तो शिवणयंत्रं विकणारा होता, घरीही आला होता. असेल. पण शिवणयंत्रवाल्याला आमचा सराव कशाला बघायचा असतो? मी जिमच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. आमची कच्ची बाजू कुठे आहे ते वेदरबीला कोणीतरी कळवतंय, हे नक्की.

आणि ताई, राग मानू नकोस, पण भावोजी सामन्यात झोपतात असं तू लिहिलंस. झोपतात ते पहिल्या रांगेत, असं इथे लोक सांगतात. वेदरबीत पहिल्या रांगेची हंगामाची तिकिटं बापाकडून मुलाला जातात, बाहेरच्याला मिळत नाहीत. मग झोपणाऱ्या माणसाला ती कोणी दिली, आणि कशाच्या बदल्यात? पाणी कुठेतरी मुरतंय.

शाळांच्या खेळांचे नियम बघणारी इंडियानापोलिसची कचेरी आहे ना, तिला पोर फोडून नेल्याची तक्रार लिहायला घेतली आहे. अजून पाठवलेली नाही. मर्ल तुमच्या संघात सरावाला जातो का, तेवढं बघून कळव. लोभ असू दे, आणि उत्तर लवकर.

तुझा
लोवेल

*

वेदरबी
१० ऑक्टोबर १९५३

चि. लोवेल यास आशीर्वाद.

तिकिटांचं आधी सांगते. शेजारच्या प्रुइटआजींची दोन वर्षं सेवा मी केली. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी चांदीचे चमचे पुतणीला दिले आणि तिकिटं मला. पुतणी अजून बोलत नाही, म्हणते चमचे घे आणि तिकिटं दे. झालं समाधान? कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं, तसं तुझं झालंय.

मर्ल सरावाला जात नाही. शाळा सुटली की लाकडाच्या वखारीत फळ्या रचतो. इथल्या कोचना तो खेळतो हेही ठाऊक नसावं.

ती तक्रार चुलीत घाल. तिचा निकाल वाकडा लागला तर मर्लचं शेवटचं वर्ष बाकावर जाईल, आणि भावोजींच्या नावाला काळं लागेल ते वेगळंच. मोठी बहीण म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते.

तुझी
व्हर्ना

*

सॉल्ट फोर्क
१५ ऑक्टोबर १९५३

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

सरावाला जात नाही? ताई, तू किती भोळी आहेस! असला अडवणारा पोरगा वखारीत फळ्या रचतो आणि वेदरबीच्या कोचला त्याचा पत्ता नाही, हे कोणाला पटेल? लपवलाय त्याला. आम्ही गाफील राहिलो की जानेवारीत काढतील बाहेर. सरावाला जात असता, तर मी एकवेळ गप्प बसलो असतो.

न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांचं हेच मत पडलं. तक्रार काल टपालात टाकली. नोकरी, फोरमन, पहिल्या रांगेची तिकिटं, सगळं लिहिलं. तुझं नाव घातलेलं नाही. भावोजींचं घालावंच लागलं. तुझ्यावरची माझी माया यात कुठे कमी होत नाही, एवढं धरून चाल.

तुझा
लोवेल

*

वेदरबी
१ नोव्हेंबर १९५३

लोवेल,

मायना लिहायला बसले आणि हात थांबला. तसाच राहू दे.

तुझं पत्र हाती पडण्याआधीच इथे एक गोष्ट सुरू झाली होती. भावोजींनी मर्लला वखारीत कोपऱ्यातल्या पिंपात टोपीचा नेम धरताना पाहिलं आणि सहज विचारलं, की बाळ, खेळत का नाहीस? पोरगा खेळापासून पळतोय हे त्यांच्यासारख्या झोपाळू माणसालाही दिसलं. मग रोज थोडं थोडं बोलून त्यांनी त्याला तयार केलं. मागच्या सोमवारी तो पहिल्यांदा सरावाला गेला. घरी येऊन हसला, असं ओपल सांगते. बुधवारी इंडियानापोलिसचे गृहस्थ आले.

सभ्य माणूस होता. त्याने यांना कारखान्यात, सगळ्या कामगारांसमोर विचारलं. यांनी खरं ते सांगितलं, हो, मीच घेतलं कामावर, हो, तिकिटं आमच्याकडे आहेत, हो, खेळायला मीच सांगितलं. हे सगळं एकापुढे एक ठेवलं की कसं दिसतं! निकाल लागला. मर्लला हे वर्षभर खेळायला बंदी. यांचं कोणी काही केलं नाही, पण यांनी रात्रीचं ताट तसंच सारलं आणि एवढंच म्हणाले, की तुझ्या भावाने मला निदान एकदा विचारायचं.

मग मी मर्लला घरी बोलावलं. पर्सिमनच्या फळांचं पुडिंग पुढे ठेवलं आणि विचारलं, की तू सॉल्ट फोर्क का सोडलंस? त्याने आधी पुडिंग संपवलं. मग म्हणाला, आईने सोडायला लावलं, मेजवानीनंतर.

तीच ती तुमच्या संघाची, मागच्या हंगामाच्या शेवटची मेजवानी, चर्चच्या तळघरातली. मीही होते. तू प्रत्येक पोराला उभं करून दोन शब्द बोललास. ड्वाइटचे तर गुण सांगता सांगता तुझा घसा बसला. मग जानेवारीत वेदरबीला हरवलं त्या सामन्याचं निघालं. आमचा तो नेमबाज क्लिफर्ड, ज्याला कोणी अडवू शकत नाही, तो त्या रात्री एकेका बास्केटला मोताद झाला. तू हसत म्हणालास, देवाची कृपा, त्या रात्री क्लिफर्डचा हातच चालला नाही. सगळे हसले. मीही टाळ्या वाजवल्या.

लोवेल, त्याचा हात चालत होता. मर्ल त्या हातासमोर होता. सामन्याच्या सुरुवातीलाच क्लिफर्डचं कोपर लागून त्याचं नाक मोडलं, तरी कापसाचे बोळे घालून तो शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिला. मेजवानीला ओपल उसना आणलेला कोट घालून आली होती, आपल्या पोराबद्दल कोच काय बोलतात ते ऐकायला. तू ते बोललास आणि पुढच्या पोराकडे वळलास. तिने काटा खाली ठेवला आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की दुसरीकडे काम शोध. फेब्रुवारीत मर्ल गोवराने अंथरुणात होता आणि विभागीय सामन्यात तुम्ही हरलात, तेव्हाही तुझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोर शोधत तू खिडक्यांना कागद चिकटवत बसलास. अडवायला कोणी का पुढे येत नाही, हे पोरांना विचार. त्यांनी ती मेजवानी ऐकली आहे. आपल्या घरी तरी काय वेगळं होतं? बाबांच्या आजारात रात्री मी जागले आणि कॉलेजच्या टाळ्या तू घेतल्यास. हे मी कधी बोलले नसते. आज यांचं सारलेलं ताट बघून बोलले.

व्हर्ना

*

सॉल्ट फोर्क
१६ नोव्हेंबर १९५३

ती. व्हर्नाताईस कृतानेक सा. न. वि. वि.

पत्र वाचलं त्याच दिवशी कचेरीला तार केली, की तक्रार मागे घेतो. दुसऱ्या शनिवारी वेदरबीला आलो होतो. तुझ्या दारावरून गेलो, पण आत यायचा धीर झाला नाही. आधी टॅकेटांकडे गेलो.

ओपलबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मी पडवीत उभा राहून बोललो. म्हणालो, की क्लिफर्डचा हात चालत होता आणि तुमच्या मुलाने तो थांबवला, मला दिसलं नाही, मी बॉलकडे बघत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दोनशे माणसं कोंबडी खात होती तेव्हा तुम्ही ते बोललात. मला एकटीला पडवीत सांगून काय उपयोग? जिथे ते बोललात, तिथे हे बोला. आणि दार लावून घेतलं. मर्ल आत होता, त्याचे बूट दिसत होते. बाहेर आला नाही.

काल चर्चच्या तळघरात कापणीचं जेवण होतं. मी उभा राहिलो. आधी लोक हसले, त्यांना वाटलं कोच नेहमीसारखी गंमत सांगतोय. मी जानेवारीचा सामना पहिल्यापासून सांगितला, मर्लचं नाक आणि कापसाचे बोळेही सांगितले. मग तक्रार मी केली ते सांगितलं, आणि भावोजींचा त्यात काडीचा दोष नव्हता तेही. न्हावी ताटात बघत राहिला. आयोनने माझा हात धरून मला खाली बसवलं, नाहीतर मी तसाच उभा राहिलो असतो.

आज कचेरीचं उत्तर आलं. तक्रार मागे घेतल्याची नोंद केली आहे, निकाल मात्र बदलता येणार नाही.

काल जेवणानंतर एबर्टसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं ठीक, पण शुक्रवारी पहिला सामना आहे, बाहेरच्यांना अडवणार कोण? मी म्हणालो, कोणी नाही. एक होता. सॉल्ट फोर्कमधून तो माझ्या जिभेने गेला आणि वेदरबीतून माझ्या सहीने. आता तो कुठेच नाही. त्यांनी या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही. कराराचं काय होईल ते मला कळलं आहे, आणि त्याचं आज विशेष काही वाटत नाही.

भावोजींना माझा नमस्कार सांगण्याचा हक्क मला राहिलेला नाही, मी येऊन त्यांच्यासमोर उभा राहीन. बाबांच्या रात्रींबद्दल पत्रातून काही लिहीत नाही. तेही समोर येऊनच बोलेन, आणि आयोनसमोर बोलेन. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची माझी सवय आहे, पण आज हात धजत नाही. थोडा उरला असेल, तर दार उघडं ठेव.

तुझा
लोवेल