तिसऱ्या रांगेतून नामंजूर

प्रिय बाबा,

'विरोध' हे उपशीर्षक मी पुन्हा खोडलं. त्याखालची दोन पानं तशीच आहेत. ती ठेवायची की काढायची, हे तुम्हाला विचारायला बाहेरच्या खोलीत गेले. तुमच्या रिकाम्या खुर्चीपाशी पोचल्यावर लक्षात आलं. मग परत आले, फाइल बंद केली आणि हे लिहायला घेतलं.

आई ठाण्याला मावशीकडे गेली आहे. शनिवारची दुपार. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या आहेत. आपल्याकडे मी भात लावलेला नाही. एकटीसाठी कोण लावणार?

एम.ए.ला शेवटी एक शोधनिबंध लिहावा लागतो. मला विषय मिळाला तो असा : स्थानिक संस्थेच्या एका अध्यक्षाच्या कार्यकाळाचे मूल्यमापन. कुठली संस्था, तेही माझ्या मार्गदर्शक मॅडमनीच सुचवलं. आपलं कोपरचं वाचनालय. अध्यक्ष कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

हसताय ना? हसा.

अण्णांचं नाव निघालं की तुम्ही म्हणायचात, खुर्चीला चिकटलेला माणूस. जेवताना म्हणायचात, पेपर वाचताना म्हणायचात. आणि मी वर्षभर लोकांना भेटून, कागद वाचून काय लिहिलं? की हा अध्यक्ष चांगला आहे. पत्र्याच्या शेडची इमारत झाली ती त्यांच्यामुळे. अभ्यासिका त्यांनी उभी केली. दहावीला मी कुठे बसून अभ्यास केला, बाबा? घरी पाहुणे असायचे म्हणून तुम्हीच मला तिथे पाठवायचात. निकष लावले की अण्णा प्रत्येक निकषावर उतरतात. मी काय करू? तुमच्या बाजूने खोटं लिहू?

लहानपणी तुम्ही मला वार्षिक सभेला न्यायचात. मला सभा आठवत नाही, वास आठवतो. मागे वडे तळत असायचे. अण्णा विषय वाचायचे आणि अख्खं सभागृह एका सुरात म्हणायचं, मंजूर, मंजूर. लोकांना वड्याची घाई. आणि तिसऱ्या रांगेतून तुम्ही उठायचात, सदऱ्याची बाही सारखी करत. अध्यक्ष महोदय, नामंजूर. मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, बसा हो काका, तेल थंड होतंय. तुम्ही बसायचा नाहीत. प्रश्न विचारायचात, उत्तर ऐकायचात, मग मतदान व्हायचं. तुमच्या बाजूने एक हात. तुमचाच.

सभा संपली की तुम्ही भिंतीशी एकटे उभे राहायचात. अण्णा स्वतः बशी घेऊन यायचे. "घ्या पोस्टमास्तर, हा तरी मंजूर करा." तुम्ही पोस्टमास्तर नव्हतात, पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकायचात. पण ते तुम्हाला कायम पोस्टमास्तरच म्हणाले. तुम्ही वडा घ्यायचात आणि अर्धा मला द्यायचात.

अठरावं लागलं तेव्हा इतर मुलींना घड्याळं मिळाली, मला वाचनालयाचं सभासदत्व. मोठी झाल्यावर मी सभेला मात्र तुमच्याबरोबर कधी आले नाही. तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत, चल. का नाही म्हटलंत?

गेल्या वर्षीच्या सभेला मी निबंधासाठी गेले. वही उघडून बसले. चहा उकळायच्या आत सभा आटोपली. तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी पिशव्या ठेवलेल्या होत्या.

मग मुलाखतीला अण्णांच्या घरी गेले. त्यांच्या शेतावर आता टॉवर आहे, त्यातल्या चौथ्या मजल्यावर ते राहतात. गुडघे गेलेत. खाडीकडे तोंड करून बसलेले असतात. मी प्रश्नावली काढली. त्यांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि सूनबाईंना चहा टाकायला सांगितला.

म्हणाले, तुझा बापूस असताना सभेच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाय. हा माणूस काय विचारील, कुठं पकडील. सगळे कागद वाचून जायचो. सचिवाला दोनदोनदा विचारायचो. आता न वाचताच जातो.

मी विचारलं, बालविभागाची कल्पना कुणाची? मला वाटलं, म्हणतील माझी. ते म्हणाले, तुझ्या बापसाची. इमारतीचा नकाशा सभेपुढे आला तेव्हा तुम्ही नामंजूर म्हणाला होतात म्हणे. मुलं कुठं बसणार, एवढंच विचारलं होतंत. मतदानात हरलात. पुढच्या वर्षी सुधारलेला नकाशा आला, त्यात मुलांची खोली होती. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. अण्णांनीही नाही.

हे तुम्हाला कळलं होतं ना? मग घरी का नाही सांगितलंत? तुम्ही दर वर्षी हरूनच घरी यायचात. आम्ही तुम्हाला हरलेलाच माणूस समजत राहिलो. एवढं सांगायला काय हरकत होती, बाबा?

निघताना अण्णा म्हणाले, "आता सगळं एकमतानं होतं गं पोरी. पहिलं बहुमतानं व्हायचं. त्यातला फरक म्हणजे तुझा बापूस. ते लिव तुझ्या निबंधात."

मी लिहिलं. तीच ती दोन पानं. मॅडमनी वाचली आणि पेन्सिलीने बाजूला रेघ ओढली. त्यांचं म्हणणं, मूल्यमापन अध्यक्षांचं आहे. हात वर करणाऱ्या एका सभासदाचं नाही. शिवाय तो सभासद तुझे वडील. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. काढून टाक, निबंध नीटस होईल. त्या वाईट नाहीत, बाबा. त्यांचं चूकही नाही. पानं काढली तर निबंध खरंच नीटस होतो. फक्त त्यात तुम्ही कुठेच उरत नाही. वाचनालयात तसेही उरलेला नाहीत. भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे. प्रश्न विचारणाऱ्यांची पाटी कुठे असते?

परवा वाचनालयाचं पत्र आलं. उद्या वार्षिक सभा. विषय क्रमांक चार : तळमजल्यावरचं वृत्तपत्र दालन खाजगी क्लासला वापरायला देणे. सकाळी तिथे कोण बसतं, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच वयाची माणसं, घरी बोलायला कुणी नसलेली. वरच्या मजल्यावर त्यांना चढवणार नाही. तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला पाठ आहे. पण तुम्ही कसं म्हणायचात? आवाज कापायचा का? सगळं सभागृह वळून बघत असताना हात कुठे ठेवायचात? आणि नंतर भिंतीशी उभं असताना कुणाकडे बघायचात? बाही सारखी करणं तेवढं मी पाहिलं. बाकीचं विचारायचं राहून गेलं.

आईला फोन केला होता. ती म्हणाली, त्यांना मिळालं का काही उभं राहून? तू नको. मी हो म्हणाले.

आता तुम्हाला सांगते. ती दोन पानं राहतील. उपशीर्षकासकट. निष्कर्षात मी लिहीन की अध्यक्ष चांगले आहेत, आणि त्याखाली लिहीन की त्यांना विचारणारं कुणी होतं तोवर ते जास्त चांगले होते. तुम्हाला यातलं पहिलं वाक्य आवडणार नाही. ते तुम्ही नामंजूर करा. उद्या मी सभेला जाईन. तिसऱ्या रांगेतल्या पिशव्या उचलायला सांगेन.

तुमची,
सई

ता. क. रविवार. सकाळी उठून निबंध मॅडमना पाठवला, दोन पानांसकट. मग सभेला गेले. विषय क्रमांक चारला उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, बस गं ताई. मी प्रश्न विचारला. अण्णांनी खिशातून चष्मा काढला आणि कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. मतदान झालं. माझ्या बाजूने एक हात. ठराव मंजूर झाला. अण्णांनी सचिवांना सांगितलं, "बहुमतानं लिवा."